मलेरियाचा परजीवी शिकायला घेताय? आधी एवढंच

प्रथिनांची नावं आत्ताच पाठ करत बसू नका. फॅल्सिपेरमचं (मलेरियाच्या परजीवीची सगळ्यात घातक जात) लाल पेशीतलं 48 तासांचं चक्र स्वतःच्या हाताने कागदावर काढा: रिंग (कोवळी अवस्था), ट्रोफोझॉइट (वाढणारी), शायझॉन्ट (विभागून अनेक नवे परजीवी तयार करणारी). परजीवी हिमोग्लोबिन खातो आणि उरलेल्या विषारी हीमचे (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) स्फटिक करतो. स्लाइडवर दिसणारं तपकिरी रंगद्रव्य तेच.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- पेशीवर बसलेल्या प्लेटलेटला परजीवी समजणं.
- बोटाच्या रक्तात शायझॉन्ट नाहीत म्हणून गोंधळणं. फॅल्सिपेरमच्या मोठ्या अवस्था बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहतात, म्हणून त्या क्वचितच सापडतात.
- पेशी फुग्यासारखी फुगून आपोआप फुटते असं मानणं. ही सगळ्यात मोठी चूक.

बाहेर पडणं हे परजीवीचं स्वतःचं काम आहे. पेशीच्या आत तो एका पातळ पिशवीत राहतो. वेळ झाली की त्याची विकरं (एन्झाइम) कामाला लागतात. आधी ती पिशवी फुटते, मग लगेच पेशीचं आवरण, आणि साधारण 16 ते 32 मेरोझॉइट (नव्या पेशींत शिरणारे नवे परजीवी) बाहेर उसळतात. आधी आतलं, मग बाहेरचं! हा क्रम मला आजही थक्क करतो. सूक्ष्मदर्शकाखालचे याचे व्हिडिओ जरूर बघा.

कॅल्शियमचे संदेश, कायनेझ (संदेश पुढे नेणारी विकरं) वगैरे नंतर बघू. आधी चित्र काढा, अडलं तर बिनधास्त विचारा.