मान दुखत नसताना मानेचं ऑपरेशन कशाला?

तुम्ही विचारलंय की वडील ६१ वर्षांचे आहेत, एमआरआयमध्ये सी५-सी६ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी, मज्जारज्जू दबलेला दिसतोय, सर्जन ऑपरेशन सांगतात, पण मान तर दुखतच नाही. मग आधी मालीश, ट्रॅक्शन (वजन लावून मान ताणणं) करून बघावं का?

मी डॉक्टर नाही. माझ्या आईचं हेच ऑपरेशन झालं, इथे ठाण्यातच. त्याआधीचे आठ महिने आम्ही "दुखत नाही ना, मग बघू" म्हणत घालवले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईचा आजार आधी रांगोळीत दिसला. नौपाड्यात आमच्या दाराशी ती रोज रांगोळी काढायची. चिमटीतून रेघ नीट सुटेना, कुठे ढीग पडायचा, कुठे तुटायची. वय झालं, म्हणाली. मग ब्लाउजची हुकं लावायला मला हाक मारू लागली. स्टेशनचा पूल उतरताना कठडा धरू लागली. एकदा गोखले रोडवर तिच्या एका पायातली चप्पल निघाली आणि ती तशीच चालत राहिली, तिला कळलंच नाही. मान एक दिवस दुखली नाही. बोटांना मुंग्या येतात म्हटल्यावर आधी मनगटाची नस, मग मधुमेह, असं करत गोळ्या चालू राहिल्या. पायांचं आम्ही डॉक्टरांना सांगितलंच नाही. हातांच्या मुंग्या आणि कठडा धरून उतरणं यांचं मूळ एकच असेल, हे डोक्यातच आलं नाही.

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना "नस दबली" असंच म्हणतात, घोळ तिथेच होतो. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून मणक्यांच्या पोकळीतून खाली येणारा करंगळीएवढा दोर. नसा म्हणजे त्याला फुटलेल्या फांद्या. फांदी दबली की हातात किंवा पायात कळ जाते, आणि बऱ्याच जणांची ती काही आठवड्यांत औषधांनी, व्यायामाने शमते. दोर दबला तर कळ येईलच असं नाही. त्यातून जाणारे निरोप अडतात. बोटं अवघडतात, पाय ताठरतात, तोल जातो, पुढे लघवीवरचा ताबा सुटतो. काहींना मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका उतरल्यासारखं होतं. त्यामुळे दुखतंय की नाही यावरून हा आजार मोजूच नका, हात आणि चाल बघा.

रिपोर्टही नीट वाचून घ्या. "थीकल सॅक इंडेंटेशन" म्हणजे दोराभोवतीची पिशवी दबलीय. चाळिशीनंतर कसलाही त्रास नसलेल्या पुष्कळ लोकांच्या रिपोर्टात ते असतं. "कॉर्ड कॉम्प्रेशन" आणि त्यापुढे "सिग्नल चेंज" लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खुद्द दोराला इजा पोचल्याची खूण दिसते आहे. साध्या एक्स-रेत हा दोर दिसत नाही.

थांबावं का, याचं उत्तर वडिलांच्या लक्षणांवर आहे. त्रास अगदी सौम्य आणि स्थिर असेल तर ठरावीक काळाने तपासत थांबण्याचा सल्ला सर्जनही देतात. पण चाल बिघडली असेल, हाताची पकड कमी होत चालली असेल, तर थांबण्यात तोटाच आहे. या ऑपरेशनचा पहिला हेतू पुढची घसरण रोखणं हा असतो. गेलेलं किती परत येईल, हे दोर किती आणि किती दिवस दबला होता यावर ठरतं. आमचे आठ महिने मला अजून सलतात ते यामुळेच.

मालीशवाल्याला किंवा हाडवैदाला मानेला हात लावू देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. दबलेल्या दोरावर झटका बसला तर हातपाय एका क्षणात लुळे पडू शकतात. ट्रॅक्शनही सर्जनला विचारल्याशिवाय नको. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, आणि बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा.

ऑपरेशन पुढून, गळ्याच्या बाजूने करतात किंवा मागून. पुढून केलं तर दोन मणक्यांमधली दाबणारी गादी काढून तिथे हाडाचा तुकडा किंवा पिंजऱ्यासारखा छोटा आधार बसवतात. मागून केलं तर मणक्याची कमान काढून किंवा उघडून दोराला जागा करून देतात. आईचं पुढून झालं. काही दिवस आवाज बसला होता, गिळायला त्रास होत होता. दुसऱ्या दिवशी तिला चालवलं. "ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो" हे आम्हालाही दहा जणांनी ऐकवलं होतं. धोका शून्य नसतो, तो सर्जनला स्पष्ट विचारा. पण उपचाराशिवाय राहिलेला दाबही माणसाला अंथरुणाला खिळवतो. आईचा तोल चार महिन्यांत सुधारला. बोटांच्या टोकांचा बधिरपणा मात्र राहिला आहे.

रक्तातलं व्हिटॅमिन बी१२ एकदा तपासाच, विशेषतः वडील शाकाहारी असतील तर. त्याच्या कमतरतेतही असाच तोल जातो. दोर दबण्यामागे मणक्याचा टीबी किंवा पसरलेला कॅन्सरही असू शकतो. बारीक ताप, उतरणारं वजन, रात्री वाढणारं पाठीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याचे उपचार वेगळे असतात. आणि लघवी अडली, बसण्याच्या जागी बधिर वाटू लागलं किंवा पायातली ताकद झपाट्याने गेली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या.

आज संध्याकाळी एक करा. वडिलांना १० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण मिटायला आणि पूर्ण उघडायला सांगा. निरोगी माणसाचं साधारण २० वेळा किंवा जास्त होतं, आईचं ११ व्हायचं. मग टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालवा, तुम्ही शेजारी राहून. दोन्ही हातांचे आकडे आणि पावलं कुठे चुकली ते तारखेसकट लिहा, आणि तो कागद एमआरआयच्या फिल्मसोबत सर्जनकडे न्या.