पहिला ट्रेन सिम्युलेटर घेताना

गाडी चालवायचा हा गेम घेताना डीलक्स आवृत्ती बघून भुलू नको बे. साधी आवृत्ती घे आणि एकच मार्ग नीट शिक. मी पहिल्याच सेलमध्ये चार मार्ग उचलले, तीन अजून उघडलेले नाहीत!

‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’ची ॲड-ऑन (म्हणजे वरून घ्यायचे मार्ग, इंजिनं) ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ या दुसऱ्या गेममध्ये चालत नाहीत, म्हणून कुठला गेम ते आधी ठरव. क्लासिक जुन्या पीसीवरही निभावतो. वर्ल्डला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात त्याचा पंखा इंजिनापेक्षा जास्त ओरडतो.

स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलास तर लगेच चालवून बघ. १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील, तर पैसे परत मागता येतात.

आपल्याकडची इंजिनं हवीत? त्यासाठी फुकटचा ‘ओपन रेल्स’ हा सिम्युलेटर आहे, पण ती खटपट नंतर. आधी लाल सिग्नलच्या अलीकडे गाडी थांबवून दाखव.