‘आवडली का?’ असं विचारू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता नीट वाचला. जाहिराती ओळीने मांडल्यास, प्रत्येकीला कल्पकता, मांडणी, संगीत, संदेश यांचे दहापैकी गुण दिलेस आणि शेवटच्या रकान्यात ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ लिहिलंस. खाली विचारलंस की जी जाहिरात तुला सगळ्यांत जास्त आवडली तिचा माल पडून आहे, जी लागली की तू आवाज बंद करतेस तिचा माल धडाधड जातो, तर परिणामकारक कोणती म्हणायची? आणि योग्य-अयोग्य ठरवणारी मी कोण?

बाकीचे रकाने तू बेधडक भरलेस आणि या शेवटच्या रकान्यापाशी तुझा हात अडखळला. मला वाटतं, अडखळायला हवं होतं ते आधीच्या रकान्यांत. सात गुण, आठ गुण, साडेसहा गुण. पण कोणाच्या वतीने? त्यातली एक जाहिरात गुडघे दुखणाऱ्या वयस्क माणसांसाठी आहे, एक कर्जाच्या शोधात असलेल्यांसाठी, एक पहिल्यांदा आई होणाऱ्या बाईसाठी. तू यांपैकी कोणीच नाहीस. तुझी अभिरुची चांगली आहे, पण या कामात तिचा उपयोग नाही. हे कठोर वाटेल. वाटू दे.

जाहिराती लोकांना दाखवून तपासण्याच्या कामात मी इतकी वर्षं एकच गोष्ट सांगत आले आणि तुलाही तीच सांगणार आहे. ज्याच्यासाठी जाहिरात केली आहे त्याला ती दाखव आणि विचार, ‘काय कळलं?’ ‘आवडली का?’ असं विचारू नकोस. आवडली का म्हटलं की माणूस सावरून बसतो, परीक्षक होतो आणि रंगांबद्दल बोलायला लागतो. शिवाय समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ‘छान आहे’ म्हणून मोकळा होतो. काय कळलं म्हटलं की त्याला आठवावं लागतं, स्वतःच्या शब्दांत सांगावं लागतं, आणि तिथे जाहिरात उघडी पडते.

आवडण्याचा आणि परिणामाचा संबंध तू धरून बसली आहेस तसा सरळ नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत रॉसर रीव्हज या जाहिरातकाराने ॲनासिन या डोकेदुखीच्या गोळीची टीव्ही जाहिरात केली. माणसाच्या डोक्याची आकृती आणि तिच्यात आपटणारा हातोडा. बघणाऱ्यांना ती अजिबात आवडत नसे, गोळी मात्र जोरात खपली. ज्याचं डोकं ठणकतंय त्याला एवढंच कळायला हवं होतं की ही गोळी माझ्या दुखण्याची आहे, आणि तेवढं त्याला पक्कं कळलं. याउलट पाळीव प्राण्यांचं सामान इंटरनेटवर विकणारी पेट्स डॉट कॉम ही कंपनी बघ. पायमोज्याची बोलकी बाहुली लोकांनी डोक्यावर घेतली. जानेवारी २०००मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात तिची जाहिरात झळकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने दुकान गुंडाळलं. लगेच ‘जाहिरात फसली’ असं लिहू नकोस. प्राण्यांच्या खाण्याच्या जड पिशव्या घरपोच द्यायचा खर्च मालाच्या किमतीतून सुटत नव्हता. तो हिशेब कोणत्याही बाहुलीला सुधारता आला नसता.

म्हणून नुसती विक्री बघून निकाल देणंही मला पटत नाही. माल दुकानात पोचला नाही, किंमत वाढली, समोरच्याने सूट दिली, ऋतू बदलला, काहीही झालं तरी आकडा हलतो. जाहिरातीमुळे किती हललं हे वेगळं काढायचं तर तशी सोय आधीच करावी लागते. टपालाने माल विकणाऱ्यांना हे शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. क्लॉड हॉपकिन्स यांच्यासारखे कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणारे, प्रत्येक जाहिरातीच्या कूपनवर वेगळी खूण छापायचे, म्हणजे परत आलेलं कूपन कोणत्या मथळ्यामुळे आलं ते मोजता यायचं. आज क्लिक मोजतात, तत्त्व तेच. तुझ्याकडे अशी सोय नसेल तर ‘या जाहिरातीने विक्री वाढली’ हे वाक्य लिहायचा अधिकार तुला नाही. ‘हे लोकांना कळलं, हे कळलं नाही’ एवढं लिही. ते खरं असेल आणि पुष्कळ असेल.

‘लोकांना जाहिरात आठवते’ या पुराव्याचंही लोक फार स्तोम माजवतात. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचं, काल काय पाहिलं, आणि टक्के काढायचे. रिकॉल म्हणतात त्याला. काय आठवतं ते मात्र कोणी वाचत नाही. नट आठवतो, नटाचा कुत्रा आठवतो, माल कोणाचा होता ते आठवत नाही. तुझ्या पहिल्या क्रमांकाच्या जाहिरातीचं मला नेमकं हेच वाटतं. ती पाहून झाल्यावर कोणालाही विचार की ती कशाची होती.

आणि आठवणीत पक्की बसलेली गोष्ट खोटीही असू शकते. लिस्टरिन या गुळण्यांच्या औषधाचं उदाहरण मी प्रत्येक नवशिक्याला देते. गुळण्या केल्याने सर्दी आणि घशाचं दुखणं टळतं असा दावा त्या जाहिरातींमध्ये १९२१पासून होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या व्यापार आयोगाने, १९७५मध्ये तो खोटा ठरवला, पण ‘आता जाहिरात थांबवा’ एवढ्यावर सोडलं नाही. पुढच्या सुमारे एक कोटी डॉलरच्या जाहिरातींमध्ये ‘लिस्टरिनमुळे सर्दी किंवा घशाचा त्रास टळत नाही’ असं स्पष्ट सांगायला लावलं. कंपनी न्यायालयात गेली. १९७७मध्ये अपील न्यायालयाने त्या वाक्याच्या सुरुवातीचे ‘आधीच्या जाहिरातींत सांगितलं त्याच्या उलट’ अशा अर्थाचे शब्द काढून टाकले, बाकी आदेश कायम ठेवला. जाहिरात बंद झाली तरी लोकांची समजूत बंद होत नाही, हे आयोगाने ओळखलं होतं. तुझ्या तक्त्यात लिस्टरिनला संदेशाचे दहापैकी दहा मिळाले असते, आणि ‘योग्य’च्या रकान्यात काय लिहायचं यावर तू पुन्हा अडली असतीस.

इथेच तुझी गाठ आहे. परिणामकारक कोणती आणि योग्य कोणती असे तू दोन वेगळे प्रश्न केलेस. माझ्या लेखी तो एकच प्रश्न आहे. कोणाला काय कळलं? कळलेलं खरं असेल आणि त्याच्या कामाचं असेल तर जाहिरात चालली. कळलेलं खोटं असेल, किंवा समोरच्याला ही जाहिरात आहे हेच कळण्याची शक्यता नसेल, तर मला खपाचे आकडे दाखवू नकोस.

मुलांचंच घे. १९९१मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वेगवेगळी बोधचिन्हं आणि वस्तूंची चित्रं दिली आणि जोड्या लावायला सांगितल्या. कॅमल सिगारेटच्या जाहिरातीतला ‘जो कॅमल’ हा उंट सहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९१ टक्क्यांनी सिगारेटशी बरोबर जोडला. डिस्ने चॅनेलचं चिन्ह ते जवळपास तितकंच ओळखत होते. कंपनी म्हणत राहिली की आमची जाहिरात प्रौढांसाठी आहे. असेल. कागदावर टार्गेट ऑडियन्स काहीही लिहिता येतो. संशोधकांनी मुलांना ‘उंट आवडला का?’ एवढंच विचारलं असतं तर हाती काय लागलं असतं? त्यांनी मुलांना काय कळलंय ते तपासलं. १९९७मध्ये तो उंट मागे घ्यावा लागला.

आठ वर्षांच्या आतल्या मुलांना जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू ओळखता येत नाही, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४मध्ये सांगितलं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिराती करायला १९८०पासूनच बंदी घातली होती, स्वीडनने १२ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या टीव्ही जाहिरातींवर १९९१मध्ये. हे कायदे भाबडे आहेत असं म्हणणारे मला खूप भेटले. त्यांच्यातल्या एकानेही कधी लहान मुलापुढे बसून त्याला काय कळलं ते विचारलेलं नव्हतं.

बाळाच्या दुधाच्या पावडरीचं प्रकरण तू अभ्यासात वाचलं असशील, पण पुन्हा वाच, या नजरेने वाच. गुटगुटीत बाळाचं चित्र, स्वच्छ डबा, पांढऱ्या पोशाखातल्या बायका. चित्रावरून आईला कळलं की शिकलेल्या, शहाण्या बायका हेच देतात. डब्यावरच्या सूचना तिला वाचता येत नव्हत्या, घरात निर्जंतुक पाणी नव्हतं, आणि पावडर महाग म्हणून ती पातळ करून पाजली जायची. तोवर तिचं स्वतःचं दूध आटलेलं असायचं. बाळं आजारी पडली, दगावली. १९८१च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने अशा विक्रीवर आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मंजूर केली, ११८ विरुद्ध १ मतांनी. त्या जाहिरातींमधलं एकेक वाक्य सुटं काढून तपासलं तर कदाचित खोटं सापडणार नाही. खोटं त्या आईच्या घरात पोचल्यावर झालं. म्हणून मी म्हणते, जाहिरात कागदावर तपासू नकोस, ती जिथे पोचते तिथे जाऊन तपास.

माझ्याबद्दल तू ऐकलं असशीलच की ही बाई अडवून धरते. एका कर्ज देणाऱ्या कंपनीचं काम आमच्याकडे होतं. व्याजाचा दर मोठ्या अक्षरात आणि शेजारी बारीक ‘दरमहा’. पाहणाऱ्या बहुतेकांनी तो वर्षाचा दर समजून आनंदाने सांगितला. क्लायंटला अहवालात फक्त रिकॉलचे आकडे हवे होते, आणि ते उत्तम होते. मी म्हटलं, हा गैरसमज पहिल्या पानावर जाईल, नाहीतर अहवाल माझ्या सहीने जाणार नाही. काम दुसरीकडे गेलं. ऑफिसात पुष्कळ दिवस माझ्याशी कोणी सरळ बोललं नाही. ज्यांच्याबरोबर उमेदवारी केली त्यांनीही ‘व्यवहार कळत नाही’ म्हणून हात झटकले. मी आजही तेच करेन. व्यवहार मला कळत होता. ज्याला बारा पट व्याज भरावं लागणार त्याचाही तो व्यवहारच होता. त्या लोकांची उत्तरं जाहिरात लिहिणाऱ्यापर्यंत कधी पोचली नाहीत, ही खंत मात्र अजून जात नाही. त्याला वाचायला मिळाली असती तर त्यानेच ते अक्षर मोठं केलं असतं, असं मला वाटतं.

बरं, आता करायचं काय. जाहिरात जशी भेटते तशीच दाखव. फोनवर बघायची असेल तर फोनवर, आवाज बंद ठेवून, एकदाच. रस्त्यावरचा फलक असेल तर चार-पाच सेकंदच. थांबवून, पुन्हा लावून दाखवलीस तर ती तू शिकवते आहेस, दाखवत नाहीस. मग काढून घे आणि विचार: काय कळलं? कोणी सांगितलं? कोणासाठी आहे असं वाटतं? तुम्हाला काय करायला सांगतात? उत्तर सुचवू नकोस. ‘स्वस्त वाटलं ना?’ असं विचारलंस की गेलं सगळं. शांतता पडली तर पडू दे, बहुतेक वेळा त्यानंतरच कामाचं वाक्य येतं. मैत्रिणींना आणि एजन्सीतल्यांच्या घरच्यांना वगळ. थोडी माणसं पुरतात, पण थोड्या माणसांवरून टक्के काढू नकोस. एवढ्यात फक्त गैरसमज कुठे होतो ते दिसतं. आणि ज्यांच्यासाठी जाहिरात नाही पण ज्यांना ती दिसणारच, अशांनाही विचार. मुलं, आजारी माणसं, कर्जात बुडालेली माणसं. हे कोणी करत नाही, म्हणून तू कर.

गुडघ्यांच्या जाहिरातीला तू ‘अयोग्य, भीती घालते’ लिहिलंस. भीती घालणं आपोआप अयोग्य होत नाही. भीतीबरोबर माणसाला झेपेल असा, खरा उपाय सांगितला तर तो काहीतरी करतो. नाही सांगितला तर तोंड फिरवतो. खुर्चीत खिळलेला माणूस पाहून त्या वयाच्या बाईला काय कळलं? डॉक्टरकडे जावं हे, की ही बाटली घेतली नाही तर पाय जाणार हे? मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. ‘अयोग्य’ खोड आणि विचारून ये.

‘ठरवणारी मी कोण’ याचं उत्तर यातच आहे. तू ठरवत नाहीस, ज्यांना विचारलंस ते ठरवतात. तू त्यांचं म्हणणं न बदलता पोचवायचंस. वरिष्ठ आकडा मागतील, दे त्यांना आकडा. पण त्याच्या खाली लोकांची वाक्यं लिही, जशीच्या तशी, व्याकरणही न सुधारता. ती वाक्यं काढायला सांगतील तेव्हा काढू नकोस. चिडतील. तुला हट्टी म्हणतील, आणि तुझी उमेदवारीची वर्षं आहेत हे मी विसरलेले नाही. तरी काढू नकोस.

सुरुवात तुझ्या यादीतल्या कर्जाच्या जाहिरातीपासून कर. ती सध्या चालू आहे आणि खालची बारीक ओळ मलाही वाचता आली नाही. इतर जाहिराती मागाहून झाल्या तरी चालतील.

कळावे.