आरओआर तोंडपाठ, तरी ओरलला तोंड उघडत नाही

"रूल नंबर सांगा, घडाघडा म्हणतो. पण सर्वेअरने (परीक्षकाने) टेबलावर दोन बोटी मांडल्या की डोकं बंद." सेकंड मेट या जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या ओरलमध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, पुन्हा अडकलेल्या कोकणातल्या एका मुलाचं हे गाऱ्हाणं (ओळखीचे तपशील बदलले आहेत). समुद्रावरची टक्कर टाळण्याचे १९७२ चे नियम, पोरांच्या भाषेत आरओआर (रूल ऑफ द रोड), आणि त्याबद्दलची ही तक्रार नेहमीची.

त्याच्या मते आत्मविश्वास कमी होता. त्याला रूल १५ म्हणायला सांगितला, एक शब्द चुकला नाही. मग बोटी म्हणून दोन खोडरबर ठेवले. रात्र, हवा स्वच्छ. उजवीकडे पुढे, ४० अंशांवर, लाल दिवा आणि वर दोन पांढरे मास्टहेड (डोलकाठीवरचे दिवे). बेअरिंग (ती ज्या दिशेला दिसते ती) हलत नाही. काय करशील? "रूल १५ म्हणतो की..." इथून सुरुवात, मधेच एक शब्द निसटला आणि गाडी थांबली. घाम त्यानंतर फुटला. म्हणजे भीती दुसऱ्या नंबरावर. आधी उत्तर भलत्या टोकाने धरलं होतं. पाठांतर नंबराच्या क्रमाने झालेलं, प्रश्न मात्र चित्र होऊन येतो. मुकाट्याने वाचलेलं समोर दिसलं की ओळखता येतं, मागितल्यावर तोंडात येईलच असं नाही.

त्याला एकच क्रम दिला, तोही मोठ्याने बोलायचा: काय दिसतंय, दोघं एकमेकांना दिसतोय का, जबाबदारी कोणाची, मी काय करणार, भोंगा कोणता. नंबर शेवटी.

"लाल दिवा, म्हणजे मला तिची पोर्ट (डावी) बाजू दिसते. मास्टहेड आहेत, म्हणजे पॉवर-ड्रिव्हन (इंजिनावर चालणारी). बेअरिंग स्थिर, धोका आहे. क्रॉसिंग (आडवी जाणारी), ती माझ्या स्टारबोर्डला (उजवीकडे), वाट मी द्यायची. वेळेत, समोरच्याला कळेल असं ठळक वळण स्टारबोर्डला, तिच्या मागून. भोंग्याचा एक शॉर्ट ब्लास्ट (छोटा आवाज). ती पूर्ण पार होईपर्यंत बेअरिंग घेत राहीन. रूल १५, १६, ८."

मग चित्र तेच ठेवून धुकं आणलं: ती फक्त रडारवर. "मी गिव्ह-वे (वाट देणारा)," तो लगेच म्हणाला. दोन्ही ओरलमध्ये तो इथेच घसरला होता. दृष्टीआड असताना गिव्ह-वे नाही, स्टँड-ऑनही (दिशा आणि वेग तोच ठेवणारा) नाही. रूल १९ लागतो, आणि तो दोघांनाही बांधतो. वेग सुरक्षित, इंजिन तयार. बीमच्या (आपल्या बोटीच्या मधल्या आडव्या रेषेच्या) पुढच्या बोटीसाठी, आपण तिला ओव्हरटेक करत नसलो तर, पोर्टला वळणं टाळायचं. इथेही स्टारबोर्डला वळता येतं, पण तो शॉर्ट ब्लास्ट द्यायचा नाही. तो एकमेकांना दिसणाऱ्यांसाठी. पाण्यातून पुढे जात असलो तर जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक प्रोलाँग्ड (लांब) भोंगा, ४ ते ६ सेकंदांचा. वळण बरोबर सांगून या भोंग्यावर हरणारे कितीतरी.

घरी सराव असाच: रोज थोडी चित्रं, फोनवर रेकॉर्डिंग. रबर आईने मांडले तरी चालतात, तिला नियम यायची गरज नाही. प्रत्येक चित्र एकदा उजेडात, एकदा धुक्यात. दिव्यांची कार्डं दोन्ही बाजूंची करा: पुढून काय दिसेल, मागून काय. ट्रॉलरचा (जाळं ओढणाऱ्या मासेमारी बोटीचा) हिरव्याखाली पांढरा दिवा सगळ्यांना येतो. तोच ट्रॉलर आपल्या मागून, आपल्या बीमच्या मागे २२.५ अंशांहून जास्त कोनातून, आपल्याला ओव्हरटेक करत आला तर? "तो फिशिंग, वाट मी देईन" हे चूक. ओव्हरटेक करणाऱ्यानेच दूर राहायचं, तो कोणीही असो.

ऐनवेळी कोरं झालंच, तर समोर मांडलेलं बोलायला लागा: कोणता दिवा, कोणती बाजू. ती टाळाटाळ नव्हे, क्रमातली पहिली पायरीच आहे. आणि "आर यू शुअर?" म्हणजे चुकलात असं नेहमी नसतं. बरोबर उत्तर तिथे फिरवणारे बरेच. दिवा आणि बाजू पुन्हा मोठ्याने तपासा. चूक सापडली तर दुरुस्त करा, नाहीतर "येस सर" म्हणून थांबा.