किडनी आणि भूल: संशोधनाला नव्याने लागताना

या विषयात काम करायचं ठरवलंयस, मनापासून बरं वाटलं. पहिली गोष्ट, नुसत्या क्रिएटिनिनवर (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) विसंबू नकोस. किडनीला इजा झाली तरी ते वाढायला एक-दोन दिवस जातात. त्यात ऑपरेशनमध्ये भरपूर सलाइन गेलं असेल तर रक्त पातळ होऊन आकडा चक्क चांगला दिसतो! केडिगो या किडनीविकारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या निकषांत ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वाढ झाली तर किडनीला इजा झाली असं धरतात, पण वाढ मोजायची कशापासून? ऑपरेशनआधीचं क्रिएटिनिनच नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. असे पेशंट अभ्यासात घ्यायचे की नाही, हे डेटा हातात येण्याआधीच लिहून ठेव.

लघवी भुलीखाली तशीही कमी होते, ताणाच्या हार्मोन्समुळे. तेवढ्यावरून किडनी बिघडली म्हणू नये.

भुलीचा चार्ट स्वतः वाच, कंटाळा करू नकोस. सरासरी रक्तदाब ६५ मिमी पाऱ्याच्या खाली किती मिनिटं राहिला, हे डिस्चार्ज कार्डावर कुणी लिहीत नाही. औषधंही टिपून घे. सिसअट्राक्युरियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं विघटन किडनीवर फारसं अवलंबून नसतं. मॉर्फिनपासून बनणारे पदार्थ मात्र किडनी अधू असेल तर साचतात आणि श्वास मंदावतो.