वाचकांचे प्रश्न : झाक क्योरचा वाडा

प्रश्न : फ्रान्समधील बूर्ज या गावी झाक क्योर नावाच्या व्यापाऱ्याचे पंधराव्या शतकातील घर आजही जपलेले आहे, असे वाचले. त्या लेखात घराचा उल्लेख ‘ओतेल’ (‘हॉटेल’चा फ्रेंच उच्चार) असा होता. तेथे पूर्वी प्रवासी उतरत असत काय? आणि मालकाची मालमत्ता जप्त होऊनही हे घर टिकले कसे?

उत्तर : जुन्या फ्रेंच वापरात ‘ओतेल’ म्हणजे शहरातील धनिकाचे ऐसपैस निवासस्थान, म्हणजे आपल्या भाषेत वाडा. प्रवाशांच्या मुक्कामाशी त्या शब्दाचा येथे संबंध नाही.

झाक क्योर हा केसाळ कातड्यांच्या (फरच्या) व्यापाऱ्याचा मुलगा. भूमध्य समुद्रावरील व्यापारात त्याने अमाप पैसा मिळवला आणि पुढे तो सातव्या शार्ल राजाच्या जामदारखान्याचा प्रमुख झाला. १४४३ च्या सुमारास त्याने जुन्या रोमन तटाला लागून वाड्याचे काम काढले. तटाचे बुरूज त्याने पाडले नाहीत, तर पश्चिमेच्या बाजूला वाड्यातच सामावून घेतले. ‘क्योर’ म्हणजे हृदय आणि झाक हे संत याकोबाचे नाव, त्यामुळे हृदय आणि त्या संताच्या यात्रेकरूंचे चिन्ह असलेला शिंपला या दोन खुणा दगडात जागोजागी कोरलेल्या आहेत. ‘शूर हृदयांना काहीच अशक्य नाही’ हे त्याचे ब्रीदही तेथे वाचायला मिळते, आणि ज्या गलबतांनी त्याला श्रीमंत केले, त्यांपैकी एक वाड्याच्या आत शिडांसह कोरलेले दिसते. मला सर्वांत भावतात त्या प्रवेशद्वारावरच्या दोन मूर्ती : खोट्या खिडक्यांतून एक पुरुष आणि एक स्त्री रस्त्याकडे डोकावत आहेत, जणू कोणाची वाट पाहत.

ज्याची वाट पाहावी, त्याला मात्र तेथे फारसे राहता आलेच नाही. १४५१ च्या जुलैमध्ये राजाच्या प्रेयसीवर, आन्येस सोरेलवर, विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. तो आरोप सिद्ध झाला नाही, तरी इतर आरोपांखाली १४५३ मध्ये त्याला शिक्षा होऊन संपत्ती जप्त झाली. पुढच्या वर्षी तो तुरुंगातून निसटला आणि १४५६ मध्ये किऑस बेटावर मरण पावला. त्यानंतर वाडा त्याच्या मुलांना परत मिळाला.

वाडा टिकण्याचे मुख्य कारण, माझ्या मते, तो कधी ओस पडला नाही हेच आहे. हातोहात फिरत तो कोल्बेर या मंत्र्याकडे आला आणि १६८२ मध्ये नगराच्या ताब्यात गेला. पुढे नगराचा कारभार आणि न्यायालय तेथून चालले. कचेऱ्यांच्या सोयीसाठी आतील दालनांची बरीच मोडतोड झाली, आणि प्रवेशद्वारावरचा राजाचा अश्वारूढ पुतळा फ्रेंच राज्यक्रांतीत नष्ट झाला. पण छप्पर गळू लागले की दुरुस्त करणारे कोणीतरी होते. १८४० मध्ये फ्रान्सने संरक्षित वास्तूंची पहिली यादी केली, तीत या वाड्याचे नाव आले. १९२३ मध्ये सरकारने तो विकत घेऊन त्याची मोठी दुरुस्ती हाती घेतली.

आपण गेलात तर दर्शनी दरवाज्यावरूनच परत फिरू नका. खालच्या चौकात उतरून मागची बाजू पाहा. रोमन बुरुजांवर चढवलेले पंधराव्या शतकातील बांधकाम तेथूनच नीट कळते.