बेरी पाकिटात मिळत नाही

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस आणि ते अर्धवटच राहिलं, तुझी बस आली आणि माझे हात कणकेत होते. तुझ्या रूममेटनी विचारलं ना, की तुझे बाबा घरी लोणी काढून तूप का कढवतात, दुकानात मिळत नाही का, आणि तुला काही सुचलं नाही म्हणून तू मला विचारलंस, बाबा हे सगळी मराठी माणसं करतात की तूच एकटा असा आहेस? तर आता निवांत लिहितो.

सगळी मराठी माणसं करत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू तिकडे ठोकून देशील आणि उद्या कोणीतरी मराठी मुलगीच म्हणेल की आमच्याकडे तर सगळं बाहेरून येतं. पुण्या-मुंबईत कितीतरी घरांत पोळ्या पोळीभाजी केंद्रातून येतात, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, मोदकाची पिठी, सगळं पाकिटात मिळतं आणि त्यातलं बरंचसं चांगलं पण असतं. पापडाचं तर बोलायलाच नको. लिज्जत 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलं, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून लोक पापड विकत आणतायत. आपल्याकडे पण तोच येतो. उडदाच्या पिठात पापडखार घालून ते कुटत बसायची हौस मला नाही, आणि ते नाही केलं म्हणून माझं काही अडलेलं पण नाही.

मग बाकीचं का करतो? पैसे वाचतात म्हणून नाही, इथे कॅनडात क्रीमचे भाव बघता तुपात तर अजिबात नाही. आरोग्य वगैरेचं लेक्चर मी तुला कधी दिलेलं नाही आणि आता पण देणार नाही, मी साखर किती खातो ते तुला माहितीये. खरं कारण असं की मला मधलं आवडतं. एखादा पदार्थ पहिल्यापासून करायला घेतला की शेवटच्या वस्तूपर्यंत पोचायच्या आधी वाटेत काही ना काही मिळत जातं, आणि ते कुठल्याच पाकिटात नसतं कारण ते विकायला ठेवण्यासारखं नसतंच.

तुपाचंच घे. साताऱ्याला आजी रोज दूध तापवून साय काढायची, ती साठवून विरजण लावायची. इथलं दूध होमोजिनाइज्ड, त्यातली स्निग्धता दाबाने इतकी बारीक फोडलेली असते की किती तापवलं तरी वर जाड साय धरतच नाही, नुसता पापुद्रा येतो. म्हणून मी ती 35 टक्केवाली व्हिपिंग क्रीम आणतो, कोमट करून चमचाभर दही घालून ओव्हनमध्ये नुसता लाइट लावून रात्रभर ठेवतो (बाहेर उणे पंचवीस असलं तरी त्या एका बल्बवर विरजण लागतं, कॅल्गरीत मला पटलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक). मग फ्रीजमध्ये गार करून मिक्सरला फिरवायचं. आधी ते फुगतं, मग घट्ट होतं, आणि मग अचानक आवाज बदलतो, पातं थबकथबक करायला लागतं, गार पाणी घातलं की लोण्याचे गोळे वर आणि खाली ताक. हे ताक पहिलं मधलं. दुकानातलं बटरमिल्क म्हणजे बहुतेकदा दुधाला कल्चर लावून केलेलं असतं, लोण्याखालचं नव्हे. आपल्या ताकाची कढी कशी लागते ते तुला माहितीये, तू त्यासाठी नूडल्स सोडून उठायचीस.

लोणी दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं. इथे मी किचन सोडून जात नाही. आधी नुसता चुरचुर आवाज, ते पाणी उडत असतं. पाणी आहे तोवर शंभराच्या वर तापमान फारसं चढतच नाही, म्हणून काही जळत नाही. मग आवाज बसत जातो, फेस पातळ होतो, तळ दिसायला लागतो आणि दुधाचे कण पांढऱ्याचे पिवळे आणि पिवळ्याचे तांबूस व्हायला लागतात, आणि वास एकदम बदलतो, लोण्याचा वास जाऊन तुपाचा येतो. आता गॅस बंद. कण अजून थोडे तांबूस होऊ देत म्हणून थांबलीस तर पातेल्याच्या गरमीनेच ते पुढे जातात आणि तूप करपट लागतं. आजी शेवटी विड्याचं पान टाकायची, ते कुरकुरीत झालं की आम्हाला खायला. तूप गाळलं की खाली राहते ती बेरी. ती गरम असतानाच साखर घालून पोळीवर. दुकानातल्या तुपाच्या बरणीत ती नसते कारण ती गाळून बाजूला काढलेली असते, त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट काढून घेऊन मग आपल्याला विकतात असं माझं ठाम मत आहे.

पुरणाचं पण तेच. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवायची, अख्खी दिसली पाहिजे पण बोटाने दाबली की पीठ झालं पाहिजे, मग चाळणीवर उपसायची. खाली जे घट्टसर पाणी निघतं तो कट, काही घरांत येळवणी म्हणतात. डाळीत जवळजवळ तेवढाच गूळ घालून शिजवायचं, मधे डाव उभा राहिला की झालं, आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, गार झालं की दंडाचा जीव जातो. हे झालं पुरण. पण मी होळीची वाट बघतो ती पोळीसाठी नाहीच, कटाच्या आमटीसाठी. त्या कटात चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, भाजून वाटलेलं सुकं खोबरं, थोडं पुरण कालवलेलं, वरून कढीलिंबाची सणसणीत फोडणी. पातळ असते, तिखट-गोड-आंबट एकदम लागते आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. रेडीमेड पुरण आणलं तर पोळ्या होतात, मस्त होतात, पण आमटी कशाची करणार? एक पाकीट फोडलं की एकच वस्तू हातात येते.

आणि हे माझ्या डोक्यात कुठून आलं असेल तर कुरडयांवरून. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली की वाळवणं. गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं नाहीतर वास मारतो, मग वाटून पिळून त्याचा चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा पांढरा चीक हिंग-मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात घालून घोटायचा. घोटणाऱ्या बाईने हात थांबवला की गुठळी. आम्ही पोरं गच्चीवर कावळे हाकलायला, आणि त्याचा मोबदला म्हणजे वाटीभर गरम चीक, तेल घालून. हा चीक खाऊन आमचं पोट भरायचं, कुरडई तळून खाईपर्यंत आम्हाला तिचं काही कौतुक उरायचं नाही. पिळून राहिलेला चोथा टाकायचा नाही, त्याच्या तिखट-मीठ-जिरं घालून भुसवड्या. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते आजीने अक्षरशः केलं.

पण आजीने, हे पण लिहितो. ती पहाटे चारला उठून हे करायची आणि तिला कोणी विचारलं नव्हतं की तुला आवडतं का. मी वीकेंडला पॉडकास्ट लावून तूप कढवतो त्याला हौस म्हणतात, तिच्या वेळी ते काम होतं, आणि घरातलं असल्यामुळे काम म्हणून कोणी मोजायचं नाही. मुंबईत गिरणी कामगारांना घरात रांधून जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या, प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा कुठे त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं. म्हणून कोणी म्हणालं ना, की आजकालच्या मुली काही घरी करत नाहीत, तर तू गप्प बसू नकोस, त्याला विचार की तू काय करतोस. आजीला पहिला मिक्सर मिळाला त्या दिवशी तिने पाटा-वरवंटा जो मागच्या अंगणात नेऊन ठेवला तो परत आत आणला नाही, आणि चटणी पाट्यावरचीच चांगली वगैरे बोलणाऱ्या माझ्या काकाला तिने तो उचलून घरी न्यायला सांगितलं होतं.

मग मराठी यात काय, असं विचारशील. लोणी-तूप तर सगळ्या देशात करतात. मला वाटतं आपलं खास म्हणजे ही भाजून-दळून बरण्यांत भरून ठेवायची पिठं आणि मसाले, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि ते घराघरात वेगळं असणं. गोड्या मसाल्यात धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर हे बहुतेक सगळीकडे, पण प्रमाण विचारलं की दोन बहिणी पण भांडतील. (दगडफूल हे फूल नाहीच, लायकेन आहे, झाडांवर-दगडांवर वाढतं. नुसतं हुंगलं तर काही खास नाही, तेलात पडलं की मग आपला वास देतं.) तुझ्या आईच्या माहेरचा मसाला काळसर आणि झणझणीत, आमचा खोबऱ्याचा आणि सौम्य, लग्नानंतर पहिली दोन वर्षं आमच्या घरात दोन डबे होते आणि अजूनही आहेत. पाकीट आणलं की हे भांडण संपतं, ते मला नकोय.

तर रूममेटला एवढंच सांग की बाबांना बेरी खायची असते, तूप त्यातून सुटतं.

बाकी तुला पार्सल पाठवलंय, त्यात भाजणी आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरं, सगळं वेगवेगळं भाजलंय, एकत्र भाजलं तर उडीद होईपर्यंत तांदूळ कच्चा राहतो. दीड वाटी घे, एक कांदा अगदी बारीक, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ, चमचाभर तेल, कोमट पाण्याने सैलसर भिजव आणि दहा मिनिटं झाकून ठेव. थंड पॅनला तेल लावून त्यावरच ओल्या हाताने थाप, मधे आणि कडेला बोटाने भोकं पाड, त्यात तेल सोड, मग शेगडी चालू कर आणि झाकण ठेव. मध्यम आच, मोठी केलीस तर बाहेरून काळं आणि आत कच्चं, शिवाय तुमच्या फ्लोअरचा स्मोक अलार्म. दुसरं थालीपीठ लावायच्या आधी पॅन नळाखाली धरू नकोस, तडकेल किंवा वाकेल, त्यापेक्षा ओल्या रुमालावर थापून अलगद उलटं टाक. पीठ उरलं तर फ्रीजमध्ये ठेव, पण कांदा घातलेला असतो म्हणून दुसऱ्या दिवशीच संपव.

बाबा